जमिनीचा प्रकार

भिलवडीचे बाबगोंडा मगदूम
दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती घेऊन आले.
वर स्केचपेननं गट नंबर
आणि खाली वळणदार अक्षरात : नदीकडची पट्टी.
सामू आठ पूर्णांक सात.
क्षारांचं विचारू नका.
तक्त्यात मी लिहिलं : चिबड.

ते वाकून वाचू लागले.
'हे तर फळाचं नाव हाय, मॅडम.'

सांगलीत लाईट गेलेली.
पंखा थांबला की आमच्या प्रयोगशाळेत
काचेच्या नळ्यांनाही घाम फुटतो.
मी म्हटलं, फळ ते चिबूड, जमीन ती चिबड.
उकाराचा फरक आहे.
'उकार तुमच्या कागदावर.
आमच्या तोंडात दोन्ही एकच.'

रात्री कोश काढला,
टोपणे बाईंनी निवृत्त होताना दिलेला,
पाठीला खाकी कागद डकवलेला.
तिथं त्याचं जुनं नाव होतं : चिर्भट.
मग वाटेत कुणीतरी र गिळला,
चिब्भड झालं.
(म्हणून बघा. ओठ असे गच्च मिटतात
जसा पिकल्या सालीवर अंगठा बसावा.)
मग तो जोडही सैल झाला, ऊ येऊन बसला,
आणि फळ आपल्या बाजारात उतरलं.
कर्कटीची काकडी, त्रपुसाचं तवसं,
वालुंकाचं वाळूक,
एकाच मांडवाखालची ही सगळी.
एर्वारु कुठं उतरलं ते मला सापडलं नाही.
काही वेल वाटेतच सुकतात.

पण जमिनीला हे नाव कसं चिकटलं?
कोशात दोन अर्थ एकाखाली एक,
मधे नुसता आकडा.

तशी या घराण्याची नावं फळावर कधी टिकत नाहीत.
शेंदाड शिपाई झालं आणि भित्रं ठरलं.
भोपळा पोरांच्या गणिताच्या पेपरवर जाऊन बसला.
विळ्याशी त्याचं काय वाकडं होतं
तेही आता कुणाला आठवत नाही.

अहवाल न्यायला आले तेव्हा मगदूम खुर्चीवर टेकले,
पाणी प्याले, आणि मी न विचारता सांगू लागले :
'त्या पट्टीत हुसेन बागवान खंडानं वेल लावायचा.
चिबूड तोडायचं नसतंय. तोडलं की कडू.
पिकलं की देठ आपणच सोडतोय.
हुसेन पहाटं कंदील घेऊन फिरायचा,
सुटलेली तेवढी पाटीत.
आम्ही पोरं त्याच्या आधी.'
बांधावर फोडायची, गूळ चोळून खायची,
आणि वास काही हाताचा जायचा नाही.
शाळेत कुलकर्णी मास्तर तळवे हुंगायचे,
मगच छडी उचलायचे.

'पुढं स्कीमचं पाणी आलं. ऊस आला.
हुसेन मिरजेला गेला, केळ्यांच्या गाड्यावर.
पाणी आलं ते गेलंच न्हाई.'

माझा एक तर्क आहे.
तो कुठल्या कोशात जाणार नाही,
आमच्या साहेबांना तर सांगूच नये.
नाव पिकलं. देठानं सोडलं.
त्या पहाटे कंदील घेऊन कुणी फिरकलं नाही,
ते पडल्या जागी बसलं, ओल धरली,
आणि हळूहळू जमीनच तशी झाली :
वरून फिकट, आत भुसभुशीत,
पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुतणारी.

मी शिफारशी वाचून दाखवल्या.
निचऱ्याचे पाईप, जिप्सम, ताग गाडणे.
मगदूम मान हलवत होते, ऐकत नव्हते.
उरलेल्या पिशवीत त्यांनी दोन बोटं घातली,
चिमूट जिभेवर ठेवली,
डोळे मिटले, जसे चवीचे लोक मिटतात.
'खारट,' ते म्हणाले.
मग थांबून :
'न्हाई. कडू हाय.
तोडलेलं दिसतंय कुणीतरी.'